चूक नसलेलं प्रूफ

४ मार्च

ती. वन्सं,

नीट पोचले. गाडीत हे, म्हणजे तुमचे धाकटे बंधू, दर दहा मिनिटांनी "त्रास होतोय का" म्हणून विचारत होते, तेवढाच काय तो त्रास झाला. मला खाटेवर घालून ते परतीच्या गाडीने निघाले. छापखाना बंद ठेवून चालणार नाही हे मीच त्यांना तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगायची वेळ आली असती तर बहुतेक सांगितलं नसतं.

वॉर्डात बारा खाटा आहेत. माझी अकरावी, खिडकीकडची. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. माणसं चढतात, उतरतात, मी पडून बघते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब चढलेला आहे आणि वारेतून बाळाकडे रक्त जरा कमी जातंय. सत्तावीस आठवडे झालेत, चौतीस गाठले तर त्यांचा जीव भांड्यात पडेल. तोवर डाव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं ते फक्त न्हाणीघरापुरतं.

खाटेला एक कार्ड अडकवलंय. दुपारच्या जेवणानंतर दोन तास बाळ किती वेळा हललं ते मोजायचं आणि आकडा आपणच लिहायचा. दहाच्या खाली गेला तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारायची. सोमवारी एकोणीस, मंगळवारी चौदा, काल अकरा (सिस्टर म्हणाली, झोपलं असेल) आणि आज तेवीस.

बाईंनी विचारलं, काम काय करता? म्हटलं, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, पण दुसऱ्या महिन्यातच नणंदेने शिशाला हात लावायचा नाही म्हणून खिळे उचलायचा चिमटा काढून घेतला. आता मोठ्याने वाचते. त्यांना वाटलं मी शिक्षिका. मग समजावून सांगितलं, की मूळ कागद मी वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि नणंद प्रुफावर बोट फिरवत चुका धरते. हसल्या. म्हणाल्या, बाळाला अजून जग दिसलं नाही, पण विरामचिन्हं पाठ असतील.

जेवण बरं आहे. काळजी करू नका.

तुमची,
चिमटी

८ मार्च

प्रिय चिमटी,

हे नाव वॉर्डात कुणाला सांगितलंस की नाही? सांगितलंस तर कारणही सांग, की नव्या सुनेने चिमटा केसांत खोचला आणि तोच चिमटा शोधत ती दिवसभर छापखान्यात फिरली. नऊ वर्षं झाली, अजून मला हसू येतं.

तुझ्या जागी आता धाकटा वाचायला बसतो. स्वल्पविराम गिळतो, पूर्णविरामाला खोकतो. वाचनालयाची नियमावली वाचताना सहा नंबरवरून थेट आठवर गेला आणि मीही डुलकीत होते. आता त्या वाचनालयात पुस्तकाची पानं फाडायला मनाई उरलेली नाही. वाचनालयाचे चिटणीस येऊन गेले. त्यांचा राग उतरेपर्यंत धाकटा मशीनच्या मागे वाकून काहीतरी तेलपाणी करत होता.

पोटातला मजकूर कसा आहे? त्याच्याशी बोलत जा. इथे दिवसभर तुझा आवाज होता, मशीनचा आवाज होता, माझी कटकट होती. तिथे एकदम सामसूम झाली असेल बिचाऱ्याला.

मी ठीक. गुडघा दुखतो, पण तो तू असतानाही दुखायचा.

तुझी वन्सं

१३ मार्च

ती. वन्सं,

बोलत जा म्हणालात. ते मला जमत नाहीये.

पहिलं तिसऱ्या महिन्यातच गेलं, त्याच्याशी काही बोलायला सवडच मिळाली नव्हती. दुसऱ्या वेळी मात्र सहा महिने मी बोलत होते. सकाळी चूल पेटवताना, कपडे वाळत घालताना, तुमच्या तक्रारी सांगताना सुद्धा. मग एके दिवशी हालचाल कमी वाटली. मी आपण होऊन सांगितलं आणि तासाभरात त्यांनी ती बाहेर काढली. चाळीस मिनिटं होती. तेव्हापासून पोटाशी माझे स्वतःचे शब्द निघत नाहीत. छापखान्यात बरं होतं, दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं असायचं. दंतमंजनाची जाहिरात का असेना, आवाज माझा आणि जबाबदारी लिहिणाऱ्याची. तेवढ्यावर आमचं छान चाललं होतं. पूर्णविराम म्हटलं की लाथ यायची, आठवतं ना? तुम्ही हात ठेवून पाहिलं होतंत.

इथे वाचायला कार्ड आणि औषधाच्या बाटलीवरचं लेबल. शेजारची शाळामास्तरीण दिवसभर पोटाला पाढे ऐकवते. मी ऐकते आणि गप्प पडून राहते.

आकडे असे : सतरा, बारा, चौदा, अकरा, अकरा, काल दहा. आज अजून मोजायचंय. जरा शांत वाटतंय.

तुमची,
चिमटी

१७ मार्च

प्रिय चिमटी,

तुझं पत्र वाचलं आणि मला लगेच उमगलं. अगं, त्याला वाचन हवंय. पाच महिने ज्याने सकाळ-संध्याकाळ नियमावल्या ऐकल्या, त्याला अचानक उपास घडला तर ते रुसणारच. मशीन बंद असलं की मलासुद्धा हलावंसं वाटत नाही, मग त्याची काय गत?

सोबत गठ्ठा पाठवतेय. पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका आहे, सोळा पानं. पहिलं प्रूफ आहे, मी नजर घातलेली नाही. मूळ कागदही जोडलेत. तू कागद वाच, मग प्रूफ वाच, विरामचिन्हांसकट. चुका समासात मांड आणि परत पाठव. म्हणजे माझं काम होईल, तुझा वेळ जाईल आणि मजकुराला त्याचा खुराक मिळेल. पंप कसा बसवावा हे जन्माआधीच कळलेलं आपल्या घरातलं हे पहिलंच मूल.

घाबरू नकोस. आपण आजवर जे हरवलं ते पुन्हा हरवणार नाही. मला आतून वाटतंय.

धाकटा पुढच्या रविवारी येईल.

तुझी वन्सं

२२ मार्च

ती. वन्सं,

तुमचं म्हणणं अगदी खरं निघालं. पुस्तिका वाचायला घेतली आणि बाळ जे जागं झालं ते झालंच. प्रत्येक पूर्णविरामाला लाथ. मास्तरीणबाई तर म्हणाल्या, तुमच्या पंपाने माझे पाढे हरवले.

या आठवड्याचे आकडे तुम्हाला बरं वाटावं म्हणून नीट उतरवून देते : बारा, बारा, तेरा, बारा, बारा, तेरा. सिस्टर कार्ड पाहून मान डोलावते आणि पुढे जाते. डॉक्टरीणबाई सुटीवर आहेत, त्यांच्या जागी आलेले डॉक्टरही कार्ड पाहून समाधानी आहेत. चौतिसापर्यंत सहज पोचू.

प्रूफ वाचून परत पाठवतेय. एकही चूक नाही. धाकट्या बंधूंनी छान काम केलंय, त्यांना सांगा.

यांना रविवारी एवढ्या लांब यायला लावू नका. काम सोडून कशाला. मी अगदी मजेत आहे.

तुमची,
चिमटी

२५ मार्च, टेलिफोन कचेरी, सकाळी पावणेदहा

चिमटी,

तुझं पाकीट आज सकाळी आलं. तासाभरापूर्वी फोडलं. आता टेलिफोन कचेरीत बाकावर बसून लिहितेय. तुझ्या दवाखान्याला अर्जंट कॉल लावलाय. लागेपर्यंत हातांना काहीतरी हवं म्हणून लिहितेय.

तिसऱ्या पानावर एक ओळ दोनदा छापलीय. पाचव्यावर पंपाचं चित्र उलटं बसलंय, बुड वर आणि तोंड खाली. वाट चालणाऱ्या माणसाला दिसेल असं. आणि तू वर लिहिलंयस, एकही चूक नाही.

नऊ वर्षांत तू माझ्याकडे चूक नसलेलं प्रूफ एकदाही परत दिलेलं नाहीस. असं प्रूफ नसतंच. चूक नाही म्हणजे वाचलेलं नाही, हे मीच तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तू ते कागद उघडलेसुद्धा नाहीस. मग दोन-दोन तास करत काय होतीस? पोटावर हात ठेवून वाट बघत होतीस ना?

मग मी तुझे आकडे पुन्हा पाहिले. आधीचे एकोणीस, चौदा, अकरा, तेवीस. पोर जिवंत असतं तेव्हा असंच वेडंवाकडं हलतं. आणि आता बारा, बारा, तेरा, बारा, बारा, तेरा. हे कुणी मोजलेलं नाही. हे कुणीतरी जुळवलंय.

दहा वाजले. लाइन मिळत नाही म्हणतात.

धाकट्याला गाडीवर पाठवलं. त्याने तेलाचे हातसुद्धा धुतले नाहीत. तो संध्याकाळी पोचेल, तेवढा वेळ आपल्याकडे नाही असं मला वाटतं.

तेराच्या पत्रात तू सगळं लिहिलं होतंस. मी आपण होऊन सांगितलं आणि तासाभरात बाहेर काढली. असं स्पष्ट. इतकी वर्षं लोकांच्या चुका धरल्या आणि ती ओळ मी ओलांडून गेले. मला पंप सुचला. त्याला वाचन हवंय म्हणे. तुला लपायला जागा मी दिली. बाळ रुसलंय म्हणून तू वाट बघत राहिलीस आणि ते रुसणं मी शोधून काढलेलं होतं.

साडेदहा. मी खिडकीवरच्या माणसाला सांगितलं की जीव जाण्याचा प्रश्न आहे. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नंबर फिरवला.

तुला न विचारता मी सिस्टरला सांगणार आहे, की कार्ड खोटं आहे. तू मला कधी माफ करणार नाहीस. चालेल. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

बोलावतायत. लागला वाटतं.

२ एप्रिल

ती. वन्सं,

तुमचं पंचवीसचं पत्र टपालाने आलं, ते यांनी आणून दिलं. चार दिवस उशीखाली ठेवलं. काल वाचलं.

आधी घडलं ते सांगते. यांनी तार केली तेवढंच तुम्हाला माहीत असेल.

अकराच्या आत सिस्टर चालत आली. ती एरवी भराभरा चालते, त्या दिवशी सावकाश आली, म्हणून मला कळलं. कार्डाकडे पाहिलंच नाही. खाटेवर बसली, चष्मा गळ्यातून काढून डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या नणंदेचा फोन होता. काल खरे किती होते?"

मी म्हटलं, बारा.

तिने पुन्हा तेच विचारलं. आवाज चढवला नाही. मास्तरीणबाईंचे पाढे थांबले होते.

मी म्हटलं, दोन.

पुढचं फार भराभर झालं. मी ओरडत होते म्हणे, चौतीस झाले नाहीत, अजून चौतीस झाले नाहीत. दुपारच्या आधी मुलगी झाली. एक हजार नव्वद ग्रॅम. रडली नाही. तिला माझ्या डोक्यावरून कुणीतरी घेऊन गेलं, मला फक्त एक पाय दिसला, माझ्या अंगठ्याएवढा.

दोन दिवस मी तुमचं नाव काढू दिलं नाही. यांनी एकदा "ताईचा फोन" म्हटलं तर मी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटत होतं, आणखी चार आठवडे मी तिला आत ठेवलं असतं. तुम्ही तिकडे बसून तिला बाहेर खेचलंत. मी सांगितलं की मरतात, तुम्ही सांगितलं की मरतात, आपल्या घरात कुणी सांगूच नये असं काहीतरी मनात घोळत होतं. तापही होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई सुटीवरून आल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर... मग त्यांनी आधीच्या बाळंतपणाचे कागद मागितले. यांच्या पिशवीत होते. तुम्हीच घातले असणार. बाई उभ्या उभ्या वाचत होत्या. म्हणाल्या, "त्या मुलीला आत आधार उरला नव्हता. तुम्ही सांगितलं म्हणून ती गेली नाही. तुम्ही सांगितलं म्हणून चाळीस मिनिटं मिळाली."

वन्सं, चार वर्षं मी ती चाळीस मिनिटं उलटी वाचत होते.

आता खरे आकडे. तुम्हाला हवेत म्हणून नाही, मला कुठेतरी उतरवायचे आहेत म्हणून. तेरा मार्चला नऊ. मी दहा लिहिले, एकाने काय होतंय म्हणून. मग नऊ, नऊ, आठ, नऊ, आठ, आठ. तुमचा गठ्ठा आला त्या दिवशी सात. मी पहिलं पान वाचलं, विरामचिन्हांसकट. काही हललं नाही. दुसरं वाचायचा धीर झाला नाही. मग सहा, चार, तीन, दोन. रोज दुपारी दोन तास पोटावर हात ठेवून मी तिला मनात एकच सांगत होते, हल, हल, म्हणजे मला कुणाला सांगावं लागणार नाही. माझे स्वतःचे शब्द म्हणायचे तर तेवढेच.

ती काचेच्या पेटीत आहे. जगेल असं कुणी म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाहीत.

रागावले आहे की नाही ते मला अजून नीट कळत नाही. पण लिहावंसं वाटलं ते तुम्हालाच.

चिमटी

५ एप्रिल

प्रिय चिमटी,

रागावायचं असेल तर सवडीने रागाव. मी कुठे पळून जात नाही, गुडघा जाऊ देणार नाही.

धाकट्याला तिथेच राहू दे. छापखाना मी एकटी बघते. स्वतःच वाचते, स्वतःच चुका धरते, स्वतःवरच खेकसते. पंपवाले येऊन गेले. त्यांना म्हटलं, आमची वाचणारी आजारी आहे, थांबावं लागेल. थांबतो म्हणाले. पंप काही नासत नाही.

ती सोळा पानं मूळ कागदांसकट परत पाठवतेय. मी काही खूण केलेली नाही. घाई अजिबात नाही आणि वाचलीच पाहिजेस असंही नाही. पण तिला आवाज फक्त तुझाच ओळखीचा आहे. मशीनचा होता, तो पोचवता येत नाही.

आणि एक मागणं. रोजचं वजन कळव. जे असेल ते. वाढलं तर वाढलं, घटलं तर घटलं. मला बरं वाटावं म्हणून काहीही करू नकोस.

तुझी वन्सं

१० एप्रिल

ती. वन्सं,

मला आता उठू देतात. पेटीला बाजूला दोन गोल भोकं आहेत, त्यातून हात घालायचा. आधी कोपरापर्यंत साबणाने धुवायचा. तिच्या छातीवर माझी दोन बोटं मावतात, तिसरं ठेवलं तर ओझं होईल असं वाटतं. अंगाला नळ्या आहेत. कातडी इतकी पातळ आहे की आतलं सगळं वाचता येईल. परवा दुपारी तिचा श्वास थांबला होता. सिस्टरने तळपायाला टिचकी मारली, मग ती पुन्हा घ्यायला लागली. तिथली सिस्टर म्हणते, असं होतं, टिचकी मारायला माणूस हवं एवढंच. तेव्हापासून आम्ही दोघं पाळीने बसतो. हे बसतात तेव्हा पायाकडे एकटक बघत असतात, पापणी लवत नाही. मशीनवर असतात तसे.

काल तुमचा गठ्ठा आला. भोकाशी तोंड नेऊन वाचायला सुरुवात केली. प्रस्तावना, स्वल्पविराम, सूचना, सगळं. दोन पानं झाली. तिसऱ्यावर तीच ओळ दोनदा आली, मी समासात खूण केली. ती झोपलेलीच. लाथ नाही, काही नाही. मी आशा ठेवलेली नव्हती असं लिहिणार होते, पण ठेवली होती.

पाचव्या पानावर पंप उलटा दिसला. बुड वर, तोंड खाली. तुम्ही म्हणालात तसा, वाट चालणाऱ्यालाही दिसेल असा. वन्सं, मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. हे बाहेर होते, बरं झालं. जरा सावरले आणि मी तिला म्हटलं, "हे बघ, पंप उलटा बसवलाय तुझ्या बाबांनी. आणि तुझ्या आईने पाहिलासुद्धा नाही. आत्याने पाहिला."

हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

तिने डोळे उघडले असं मी लिहिणार नाही. उघडले नाहीत. एक हात जरा सरकला, तोही माझ्या श्वासाने सरकला असेल. पण मग मी बोलत राहिले. तुमच्या गुडघ्याचं सांगितलं, वाचनालयाच्या सातव्या नियमाचं सांगितलं, ती आली त्याआधीच्या दोघांचंही सांगितलं. सिस्टरने खुर्ची आणून दिली.

प्रूफ परत पाठवतेय. तिसऱ्यावर ओळ दोनदा, पाचव्यावर चित्र उलटं, आणि आणखी अकरा जागा आहेत. नवव्या पानावर एक आख्खा परिच्छेद सुटलाय, तो तुमच्याही नजरेतून निसटला असेल. यांना अजून दाखवलेलं नाही.

वजन मागितलंत. तिथली सिस्टर रोज सकाळी करते आणि तिच्या अक्षरात लिहिते. तिच्या कार्डावरून जसंच्या तसं उतरवतेय : एक हजार नव्वद, एक हजार चाळीस, एक हजार दहा, नऊशे ऐंशी, नऊशे पंचावन्न, नऊशे साठ, नऊशे पन्नास, नऊशे पन्नास, नऊशे पंचावन्न, नऊशे पन्नास, नऊशे साठ, नऊशे पासष्ट, नऊशे साठ, मग एक दिवस तराजू बिघडला म्हणून काही नाही, नऊशे नव्वद, नऊशे पंच्याऐंशी, नऊशे नव्वद.

शेवटचा आकडा आजचा. यांना आता डुलकी यायला लागलीय, म्हणून एवढंच. पेटीपाशी जाते, माझी पाळी आहे.

तुमची,
चिमटी